पत्ती

वैजू, बस इथं, बॉबिनच्या खोक्यावर.
पोट दुखतंय म्हणालीस आईला.
दुखतंय ते खरंच, मी कुठं नाही म्हणूलालोय.
दर सोमवारी दुखतं, कन्नड डिक्टेशन असतं तेव्हा,
आणि डबा खायच्या सुट्टीत थांबतं,
तेही खरंच.

हा चार नंबरचा माग बग.
ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर
एकेक पोलादी पत्ती लटकलेली,
तुझ्या केसातल्या पिनेपेक्षा पातळ.
धागा तुटला की पत्ती पडते,
खाली करंट,
आणि माग खट्ट.
उभाच.
कापडाला भोक पडायच्या आत.
शहाणी आहे मा?

तशी एक तुझ्याही छातीत आहे.
गल्लीत मोकाट कुत्रं गुरगुरलं की ती पडते.
पाय थांबतात, हाताला घाम,
काळीज आपलं धडाधडा.
तिनंच गेल्या उन्हाळ्यात तुला
विहिरीच्या काठावरनं मागं ओढलं.
तिला शिव्या द्यायच्या नाहीत.

पण हा चार नंबर.
येळ्ळूर रोडनं उसाचा ट्रॅक्टर गेला,
डबल ट्रॉली, वर स्पीकर,
भिंत जरा थरथरली, की ह्याची पत्ती पडलीच.
धागा शाबूत. माग बंद.
शेजारचा पाच नंबर चालूच,
त्याला ट्रॅक्टर गेलेला पण कळत नाही.
मालक म्हणतो, नाटकं करतो हा.
अठरा वर्षं झाली मला मागांचे नट आवळून,
नाटक करणारा माग अजून बघितला नाही.
पत्ती जास्त हळवी लागलीय,
एवढंच.

काढून टाकायची?
टाकली होती एकदा, मालकाच्या हट्टानं.
अख्खी साडी भोकाभोकांची निघाली,
आणि माग आपला खुशीत,
खटक खटक.

म्हणून मी काय करतो सांगू?
लाथ मारत नाही.
हात पुसतो.
ताण्यावरनं बोटं फिरवतो, डावीकडून उजवीकडं,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावरनं फिरवावीत तशी.
तुटलाय? नाही.
पत्ती उचलतो. म्हणतो,
कळलं गे, सांगितलंस ते बरं केलंस.
मग दांडा ओढतो.
कधी पाळीत एकदा.
कधी तीस वेळा.

पलीकडून नीलव्वा म्हणते, अंजब्याडवा.
त्यांच्यात भीतीला अंजिकी म्हणतात.
डिक्टेशनला हा शब्द आला
तर तुझा चुकायचा नाही,
घरातलाच आहे तो.

आणि खरंच तुटला असला तर?
विचारणार हे मला ठाऊकच होतं.
तर गाठ.
ही बग, दोन बोटांत, अशी.
नेसणारीला जन्मात सापडत नाही.
दहातले तीनच आले, गाठ.
बाई ओरडल्या, गाठ.
ह्या गल्लीत विणलेल्या कुठल्याही साडीत
गाठ नाही असं होत नाही.

कुणाकडनं आली तुझ्यात ही, म्हणतेस?
रात्री शेडला कुलूप लावून
गल्लीच्या टोकावरनं परत येतो कोण?
ओढून बघतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो.
तू बघितलंयस. हसली पण होतीस.

सोमवार.
सायकलच्या दांड्यावर तू, पोटावर हात.
शाळेच्या गेटात चार पावलं गेलीस
आणि वळून आलीस.
बाबा, पडली.
धागा बघितलास?
बघते की.
दप्तराच्या पट्ट्यावरनं तुझी बोटं
डावीकडून उजवीकडं,
मग पुन्हा डावीकडून, मधे चुकलीस म्हणून.
घंटा झाली.
प्रार्थनेच्या रांगा लागल्या.
मी काही बोललो नाही.
तू गेलीस, पळत नाही, चालत,
आणि एकदाही हात हलवला नाहीस.

मी वळलो
आणि आठवलं:
शेडचं कुलूप.

सायकल भिंतीला लावली.
हात पुसले.